ऑगस्टचा गुलाब, ऑक्टोबरची मार्गरीत

आन्स गाले
३ जून १९८३

मातुरीन,

काल कॉर्पस क्रिस्तीची सुट्टी. दुकान बंद, मिरवणूक दुपारीच आटोपली, आणि हाताला काही काम राहिलं नाही म्हणून लिहायला बसले. आई गेल्यावर आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही. त्याला कारण कोण, ते आत्ता उकरत बसत नाही.

कामाचं सांगते. आईची बैठकीची गाणी मला नीट लिहून पाठव. बैठक उघडायचं, आणि ते राणीला सिंहासनावरून उठवायचं. मला येतात, न यायला काय झालं? पण यंदा आपल्या ला रोझ मंडळात पुढे गाणारी एक नवी शांत्वेल तयार करतेय. मंडळाचा राजा अजून कथबर्टच, त्याची नात, मोनिक. एकटं माणूस किती वर्षं ओढणार? म्हटलं, दोघींच्या आठवणी ताडून बघाव्या. शब्द इकडचे तिकडे झालेले असतात.

बाकी सगळं ठीक. मंडळाच्या पोलिसांच्या टोप्या मीच शिवतेय, गुलाबी पट्टीच्या. तीस ऑगस्ट, म्हणजे सेंट रोझचा दिवस, यंदा मंगळवारी आलाय. तुमच्या मार्गरीत मंडळाचं काय? अजून निळ्या झग्यात, रविवारची मिस्सा चुकल्यासारख्या तोंडाने बसता ना सगळ्या?

पत्र लेनार्डच्या बसने पाठवतेय. उत्तर त्याच्याचजवळ दे. पोस्टाच्या भरवशावर राहिलीस तर नाताळ उजाडेल.

युडोक्सी


मोर्न कोको
१४ जून १९८३

ताई,

लेनार्डने तुझं पत्र टपावरच्या केळ्यांच्या घडांत खोचून आणलं. त्यावर चीक सांडलाय, त्यामुळे चार शब्द वाचता आले नाहीत. सूर मात्र कळला.

गाणी सोबत लिहून पाठवली आहेत. पण मला एक सांग, आईची गाणी तू मला शिकवलीस की मी तुला? आईच्या मागे झांज घेऊन तू उभी असायचीस. मी भांडी घासत ऐकायचे. आणि आता तूच माझ्याकडे शब्द मागतेस, हे मला पटत नाही. काय झालंय? तू गात नाहीस का?

आमच्या मिस्सा चुकल्याचं म्हणशील तर ते खरंच आहे. अकरा वर्षं झाली इथे लग्न होऊन, पण ला मार्गरीतचं हे बसणं माझ्या अंगी लागलेलं नाही. पाठ ताठ, हात मांडीवर, गाताना हलायचं नाही. आणि माझा पाय आपला ठेका धरतोच. गेल्या वर्षी एका बैठकीत मंडळाच्या पोलिसाने मला त्यावरून रंगेहाथ पकडलं आणि जज्जासमोर उभं केलं. जज्ज म्हणजे फेलिसियें, एरवी गवंडीकाम करतो. त्याने शिक्षा फर्मावली की मंडळाच्या दोन नर्सबायांच्या मध्ये बसायचं, पायावर पाय ठेवून. त्या दोन्ही नर्सबाया माझ्या सख्ख्या जावा. राजाने शेवटी माफी दिली म्हणून सुटले. राजाने दिली नाही तर शिक्षा भोगावीच लागते, तुला ठाऊकच आहे. तुमच्याकडे आणि आमच्याकडे तेवढं एकच सारखं.

मोनिकला माझा आशीर्वाद सांग. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

मातुरीन


आन्स गाले
२८ जून १९८३

मातुरीन,

गाणी मिळाली. दुसऱ्या गाण्यात एक ओळ तू चुकवलीस, मी दुरुस्त केली.

मला सर्दी झालीय. घसा धरलाय, एवढंच. वय झालं की सर्दी मुक्कामाला येते. त्यावरून एवढ्या चौकशा नकोत.

रविवारी कोळ्यांचा सण झाला. फादरने होड्यांवर पाणी शिंपडलं, मग साऱ्या किनाऱ्यावर नुसता मासा आणि रम. मोनिकला म्हटलं, दोन ओळी गाऊन दाखव. पोरगी कोंबड्यांना दाणे टाकायला हाका माराव्या तशी गाते. आवाज आहे, पण लोकांना हलवायचं कसं ते तिला कळत नाही. आपल्याकडे जो हलत नाही त्यालाच पोलीस धरतात, आणि ती गायला लागली की सगळा गाव पकडावा लागेल.

तर मला असं वाटलं की तीस तारखेला तू इकडे ये. मागे बसायचं. निळं काही अंगावर घालायचं नाही. मोनिक कुठे अडलीच तर मागून आवाज द्यायचा, बस. तुला मंडळातून काढलं होतं हे मी विसरलेले नाही आणि गावही विसरलेलं नाही. पण कथबर्टशी बोलून मी ते बघून घेईन. तू फक्त येऊन मागे बस. फार काही मागत नाहीये.

युडोक्सी


मोर्न कोको
९ जुलै १९८३

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही.

‘बघून घेईन’ म्हणजे काय गं? मी काय गुन्हेगार आहे? लग्न केलं, नवऱ्याच्या घरी आले, नवऱ्याचं मंडळ धरलं. एवढंच केलं मी. आणि पहिल्याच ऑक्टोबरात, सतरा तारखेच्या सणाला, मी मार्गरीतच्या बाकावर बसले हे कळल्यावर तू तिथे रोझचं कोर्ट भरवून, सगळ्यांच्या टाळ्यांत, माझं नाव काढून टाकायला लावलंस. लोकांनी गंमत म्हणून हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नव्हतं. आता तुला वाटतंय, ही मागच्या बाकावर येऊन बसली की गावाला दाखवता येईल, बघा, आली परत. मला समजतं ते.

आणि दुसरं. यंदा मार्गरीतचा राजा ऑक्टाव झालाय, माझाच ऑक्टाव. राणी सासूबाईच आहेत, त्या तर कायमच्या. पहिल्यांदाच मान मिळालाय त्याला, आणि माणूस तोंडाने काही बोलत नाही पण खुश आहे. केळी तोडताना मुकुट कसा बसेल म्हणून डोक्यावर टोपली ठेवून बघत होता. अशा वर्षी राजाची बायको रोझच्या रस्त्यावर गात फिरली तर त्याने तोंड कुठे दाखवायचं? सासूबाईंनी जेवताना सांगूनच टाकलंय की असं झालं तर मी राणीपद सोडते.

मी येणार नाही. मोनिकला शिकव.

मातुरीन


आन्स गाले
२० जुलै १९८३

मातुरीन,

ठीक.

मोनिकने काल सांगितलं, तिला जमणार नाही. रडली. मी तिला दोष देत नाही. कथबर्ट म्हणतो, शांत्वेल नसेल तर मिरवणूक काढून तोंडघशी पडण्यापेक्षा यंदा झेंडा फादरकडे ठेवून देऊ. एक वर्ष रोझ बाहेर पडली नाही की पुढच्या वर्षी निम्मी माणसं येत नाहीत, तिसऱ्या वर्षी कोणीच येत नाही. आन्स शुआझोलचं मंडळ असंच गेलं.

टोप्या शिवून झाल्या आहेत. त्या कुठे ठेवू ते बघते.

युडोक्सी


मोर्न कोको
१ ऑगस्ट १९८३

ताई,

आज गुलामी संपल्याच्या दिवसाची सुट्टी. सगळे खाली समुद्रावर गेलेत. मी गेले नाही. सकाळपासून रडून झालंय आणि आता तुला लिहितेय.

लेनार्डने सांगितलं. त्याला ओरडू नकोस. तू त्याला सेंट रोझची शपथ घातली होतीस आणि त्याने ती दोन महिने पाळली. परवा मी नुसतंच विचारलं, ताईची सर्दी गेली का, तर ह्याने चालू केलेलं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, “मातुरीनबाई, तुमची ताई दुकानात पाटीवर लिहून दाखवते हो. गळ्यात गाठ होती, इस्टरमध्ये कॅस्ट्रीजच्या इस्पितळात नेऊन डॉक्टरांनी तिचा घसा कापला. आवाज काढून घेतला.”

म्हणजे इस्टरपासून तुझ्या तोंडून शब्द निघालेला नाही, आणि मला लिहितेस सर्दी झालीय. माझ्याकडे गाणी मागतेस, पोरीच्या आवाजाला नावं ठेवतेस, टोप्या शिवतेस. आणि मी इथे बसून समजत होते की तुला मला मिरवायचंय. ताई, इतका कसला गं ताठा? मला नुसतं कळवलं असतंस तरी मी त्याच दिवशी निघाले असते.

तुझ्या आवाजाचा मला लहानपणी राग यायचा. तू गायला लागलीस की घरात दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय नव्हती. आता तो नाही हे ऐकल्यापासून भांडी घासताना मी तुझीच गाणी म्हणतेय.

मी तुला भेटायला येते. गाण्याचं माझ्या हातात नाही. ऑक्टावला सांगितलं तर तो ऐकून उठून बाहेर गेला. सासूबाई म्हणतात, जायचं तर ऑक्टोबरनंतर जा, बहीण कुठे पळून जात नाही. पण भेटायला मी येतेच. एका दिवसात जाऊन येईन. काय आणू? गिळता येतं का तुला?

मातुरीन


आन्स गाले
८ ऑगस्ट १९८३

मातुरीन,

गिळता येतं. पातळ असलं की सगळं जातं. कोको चहा, नीरफणस कुस्करून, माशाचं पाणी. मेलेली नाही मी.

भेटायला येऊ नकोस. भेटायला येणारे इथे पुष्कळ आहेत. दारात उभे राहतात, मान एका बाजूला करतात, मी बहिरी झाल्यासारखं मोठ्याने बोलतात. फादर येतो, कथबर्टची बायको सूप आणते. मला अजून एक बघणारं माणूस नकोय.

आता खरं लिहायला सांगतेस तर लिहिते. घसा गेला त्याचं मला एवढं वाटलं नाही. भाव करायला पाटी पुरते, उलट गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं. पण तीस तारखेच्या सकाळी मी खिडकीत बसलेली असेन आणि रस्त्यावर काहीच नसेल, हे मला सहन होणार नाही. आई त्या रस्त्यावर गायली, तिच्या आधी तिची मावशी. मी बंद पाडलं असं होईल. रात्री झोप येत नाही ती ह्याच भीतीने, दुखण्याने नाही.

तुला मंडळातून काढलं त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा काढीन. एका माणसाची दोन फुलं नसतात, गुलाब तरी नाहीतर मार्गरीत. पण आईचा गळा तुझ्याकडे आलाय, माझ्याकडे नुसता तिचा जोर आला होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

गायला येणार असशील तर ये. नाहीतर राहू दे. तुझ्या घरचं मोडून ये असं मी म्हणत नाही, तसं आलेलं मला चालणारही नाही.

युडोक्सी


मोर्न कोको
२२ ऑगस्ट १९८३

ताई,

शनिवारी काय झालं ते सगळं सांगते, कारण लेनार्ड आपल्या परीने सांगेल आणि त्यात तिखटमीठ लावेल.

मंडळाची बैठक होती. ऑक्टाव मुकुट घालून बसलेला, शेजारी सासूबाई, आम्ही सगळ्या निळ्या ओळीत. आमची शांत्वेल एक गाणं संपवून पाणी प्यायला थांबली. मी काही ठरवून गेले नव्हते, शपथेवर सांगते. तुझं पत्र आठ दिवस माझ्या झग्याच्या खिशात होतं. मी उठून उभी राहिले आणि आईचं राणीला उठवायचं गाणं म्हणायला लागले. रोझचं गाणं, मार्गरीतच्या बैठकीत. नुसती उभी नाही राहिले, हललेसुद्धा. कडवं संपेपर्यंत कोणाला काय करावं सुचलं नाही. मग पोलिसाने शिट्टी फुंकली आणि दोघांनी मला दंडाला धरून फेलिसियेंपुढे उभं केलं.

लोक हसत होते. त्यांना वाटलं मी गंमत केली. फेलिसियेंने चष्मा लावला आणि विचारलं, “गाणं कोणाचं?”

“रोझचं.”

“चुकून आलं तोंडात?”

“नाही. मुद्दाम म्हटलं.”

तिथे हसणं थांबलं. फेलिसियें आमच्याच गल्लीत भिंत बांधतोय. तू आजारी आहेस, माझं काय चाललंय, हे त्याला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे, कोणी बोलत नाही एवढंच. एरवी तो फार तर सोड्याच्या बाटल्या आणायला लावतो. परवा त्याने बराच वेळ दाढी खाजवली आणि म्हणाला, “ह्या बाईचं रक्त अजून गुलाबी आहे. हिला हद्दपार करावं. शनिवारच्या बसने रोझवाल्यांच्या मुलखात सोडावं, आणि त्यांच्या सणाला घसा बसेपर्यंत गायला लावावं. खोड मोडली की एकतीस तारखेला परत आणावं.”

सासूबाई ताडकन उठल्या. म्हणाल्या, “राजा, माफ कर तिला. डोकं फिरलंय तिचं.” म्हणजे त्यांना वाटलं, माफी मिळाली की विषय संपला. रीतच आहे ती, आणि ऑक्टावने आजवर आईचा शब्द खाली पडू दिलेला नाही. मीही खाली मान घालून उभी राहिले. मला वाटलं, संपलं.

मग पोलिसाने रीतीप्रमाणे तीनदा विचारलं, राजा माफी देतो काय? मुकुट जरा कपाळावर घसरला होता, तो ऑक्टावने सरळ केला. मग म्हणाला, “राजा माफी देत नाही. शिक्षा झालीच पाहिजे.”

सासूबाई खाली बसल्या. बैठकीत राजाच्या निकालावर बोलायची सोय नाही, आणि घरी आल्यावर बोलायचं तर स्वतःच्याच कोर्टाविरुद्ध बोलावं लागेल. राणीपदही सोडता येईना. मी कुठे स्वतःहून चाललेय? मला तर हाकलून दिलंय.

घरी येऊन मी ऑक्टावला विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? तो बूट काढत म्हणाला, “वाटलं. पण कोर्टापुढे मी काय करणार?” आणि माझी कपड्यांची पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली. अकरा वर्षांत ह्या माणसाने मला कधी गोड बोलून दाखवलं नाही, ह्याची मी तुझ्याकडे, देवाकडे, सगळ्यांकडे कुरकुर केली असेन. शब्द परत घेते.

शनिवारी बसने पोचते. कथबर्टला सांग, झेंडा फादरकडून परत आण. आणि मोनिकला सांग, मागून आवाज तिने द्यायचाय.

मातुरीन


आन्स गाले
४ सप्टेंबर १९८३

मातुरीन,

तू निघालीस तेव्हा मी दारात आले नाही. आवाज नसलेल्या माणसाने निरोप कसा द्यायचा, ते मला अजून जमत नाही. पाटीवर ‘नीट जा’ लिहून हलवत बसू काय?

कथबर्ट अजून आनंदात आहे. मोनिक दुकानात येऊन तासभर तुझंच बोलते. पुढच्या वर्षी ती गाईल, मला खात्री आहे. आज सकाळीच म्हणाली, मातुरीन मावशीने मला श्वास कुठे घ्यायचा ते सांगितलं. मी वीस वेळा पाटीवर लिहून सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात नाही.

ऑक्टावला सांग, त्याने पाठवलेली केळी पिकली आणि मी खाल्ली. सतरा ऑक्टोबरला मी येतेय तुमच्याकडे, मार्गरीतचा राजा बघायला. सासूबाईंना सांग, घाबरू नका, अशी बाई त्यांच्या बाकावर कधी बसली नसेल. तोंडातून एक शब्द काढणार नाही. तोवर अंगात त्राण असलं तर. डॉक्टरने पुन्हा बोलावलंय. गाठ दुसऱ्या बाजूला आली आहे. ह्या वेळी सर्दी म्हणून लिहीत नाही.

आता गाण्याचं. तू आईचं गाणं चुकीचं गायलीस. चाल ओढलीस. आपल्या गाण्यात पाय थांबता कामा नये, आणि तू ते मार्गरीतच्या बाकावर बसल्यासारखं सावकाश, एकेक शब्द ठेवत गायलीस. चर्चच्या पायऱ्यांपासून खालच्या पुलापर्यंत सगळी मिरवणूक उभी राहिली. पोलिसांना कळेना कोणाला धरायचं, तेच उभे होते. मी खिडकीत होते. मला इतका राग आला की मी ओरडायला तोंड उघडलं. ‘हलवा पाय’ म्हणणार होते. माझ्या हयातीत तू गायला लागलीस आणि मी मध्ये आवाज लावला नाही, असं एकदाही झालेलं नाही. स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

आवाज निघाला नाही. मग काय करणार, ऐकत बसले. शेवटपर्यंत ऐकलं. आईचं गाणं असं आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि तू अशी गातेस हेही नाही. बावन्न वर्षं तू माझी बहीण आहेस, आणि तुझं एक गाणं मी पूर्ण ऐकलं ते परवा.

माझी वेळ आली की मंडळ मला वाजतगाजत नेईल, कथबर्टने झांजा काढूनच ठेवल्या असतील. त्याला सांगून ठेवलंय, झांजा नकोत. तू ये आणि तेच गाणं म्हण. तसंच, चुकीचं, सावकाश.

मी मध्ये बोलणार नाही.

युडोक्सी